साडूला हरवणारा बार

१८ ऑगस्ट, सोमवार

आज ठरवलं. शिवकांतला सोडायचं नाही.

कुकरच्या कंपनीने दिलेली ही डायरी जानेवारीपासून दुकानात कोरी पडली होती. आता तिला काम लागलं. जिंतूरच्या बाजारात स्टीलची भांडी विकणाऱ्या माणसाने मनातलं लिहून ठेवावं असं एरवी काही घडत नाही. आज घडलंय.

श्रावणातला शेवटचा सोमवार सोडायला मी आणि ईश्वरी परभणीला तिच्या माहेरी गेलो होतो. सासरे बसवंतराव जुन्या वळणाचे लिंगायत. त्यांच्या पंगतीत ताटात शीत टाकायचं नाही, जेवण झालं की ताट धुऊन ते पाणीही प्यायचं. प्रसादाचा नियम तर आणखी कडक. दिला तर नको म्हणायचं नाही आणि मागितला तर नाही म्हणायचं नाही. मला हे सगळं पटतं. पटत नाही तो त्यांचा धाकटा जावई, म्हणजे माझा साडू शिवकांत. परभणीत त्याचं औषधाचं दुकान आहे, आवाज मोठा आहे आणि दुसऱ्याची फजिती झाली की त्याला जेवण गोड लागतं.

जेवणं झाल्यावर त्याने मोबाइल टीव्हीला जोडला आणि गेल्या वर्षीचा व्हिडिओ लावला. आमच्या क्लबची परभणी ते जिंतूर आणि परत अशी सायकल राइड. बोरी फाटा. लिंबाखाली मी आडवा, हेल्मेट पोटावर, तोंड उघडं, आणि एक कुत्रं माझा बूट हुंगतंय. मागे शिवकांतने सनई टाकली आहे. खाली लिहिलंय, ‘साडूभाऊंची रेस चालू आहे.’

“बगा बगा, आता चाटतंय बगा!” शिवकांत मांडीवर थाप मारून ओरडला. वर्षभरात हा व्हिडिओ जिंतूर, बोरी, झरी, सगळीकडे फिरून आला, तरी याचं पोट भरलेलं नाही. त्याची बायको वैजयंती हसली. सासरे हसले, ज्यांना हसताना मी लग्नात पाहिलं होतं ते शेवटचं. ईश्वरीने पदर तोंडाला लावला.

एसटीत तिला विचारलं, “तू हसलीस?”

“न्हाई हो. ठसका लागला.”

मी झोपलो नव्हतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलो होतो. आणि का पडलो, तर झरीला शिवकांतने त्याच्या दुकानातला एनर्जी बार माझ्या हातात कोंबला म्हणून. “खावा साडूभाऊ, घोड्यावानी पळताल.” बोरी फाट्यापर्यंतच पळालो. राइडच्या सुरुवातीला तो दरवर्षी त्या चकचकीत बारांचं टेबल मांडतो आणि सगळा क्लब तेच खातो.

यंदाची राइड १६ नोव्हेंबरला आहे. मला एक चांगला बार पाहिजे, जो माझ्या पायांना शेवटपर्यंत पुरेल. आणि बोरी फाट्यावर त्याच लिंबाखाली शिवकांत आडवा पाहिजे. सनईचं मी बघतो.

२४ ऑगस्ट

त्याच मंगळवारी धम्मशीलाला फोन केला. बोरीच्या दवाखान्यात नर्स आहे आणि आमच्या क्लबात तिच्याइतकं जोरात कुणी चालवत नाही. म्हणाली, “भाऊ, तासाभरानं काहीतरी पोटात टाकत जा. पण नवीन वस्तू राइडच्या दिवशी खाऊ नका, आधी खाऊन बगा. पोटाला काय मानवतंय ते पोटालाच ठावं.” लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही, त्यामुळे माझं खाणं आधीच उशिरा सुरू होतं. म्हणून जे खाईन ते दणकट हवं.

शहरातून चार तऱ्हांचे बार मागवले. पहिला चॉकलेटचा. येलदरीच्या रस्त्यावर उन्हाने पाठीच्या खिशात वितळला. घरी आल्यावर ईश्वरीने माझ्या पाठीकडे पाहिलं आणि न विचारता बादली आणून ठेवली. दुसरा ओट्सचा. नेमगिरीच्या चढावर तो तोंडात घेतला आणि वर पोचेपर्यंत चावतच होतो, पोतं चावल्यासारखा. तिसऱ्याची चव खोकल्याच्या औषधाची.

चौथा उघडणार तोच वेष्टनावर मांसाहाराची तपकिरी खूण दिसली. आत अंड्यातलं पांढरं. हातातून खाली टाकला, हात दोनदा धुतले.

मग तो पुन्हा उचलला आणि कपाटात ठेवला. वेष्टन काढून शिवकांतला चारला तर? जन्मभर अंडं न शिवलेला माणूस. खाऊन झाल्यावर सासऱ्यांसमोर वेष्टन दाखवायचं. जेवणभर हाच विचार करत होतो आणि भाजी फार चवदार लागली.

२५ ऑगस्ट

सकाळी पूजेला बसलो. लिंग तळहातावर घेतलं आणि कपाटातला तो बार डोळ्यांपुढे आला. पूजा होईना. उठून बार उकिरड्यावर टाकून आलो, आंघोळ केली आणि पुन्हा बसलो.

सूड घ्यायचा, पण आपल्या रीतीने घ्यायचा.

७ सप्टेंबर

बार मीच करणार. माझ्या दुकानात परातींपासून बर्फीच्या ट्रेपर्यंत सगळं आहे, घरात शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, ज्वारीच्या लाह्या आहेत. खजूर आणि गूळ आणला. शेंगदाणे भाजून भरड केली, गुळाचा पाक केला, सगळं कालवून ट्रेमध्ये थापलं.

पाक कडक झाला. ज्या सुरीची मी गिऱ्हाइकांना दहा वर्षांची हमी देतो ती सुरी मोडली. ईश्वरी दारात उभी होती. म्हणाली, “ह्याचा बार न्हाई, उंबरठा करा.”

ती या राइडला हसते, व्हिडिओला हसते, बारला हसते. पण गूळ किसून देते.

२१ सप्टेंबर

जमलं! पाक मऊ ठेवायचा, खजूर वाढवायचा. बार वाकतो पण तुटत नाही, खिशात घाम लागला तरी विरघळत नाही, चढावरही दोन घासांत उतरतो. आज दोन खाऊन येलदरी गाठलं. पहिला अर्धा तास असा गेलो की मागच्या मोटारसायकलवाल्याला पुढे जायला हॉर्न वाजवावा लागला.

मग मात्र पाय गळाले. ज्या अर्थी सुरुवातीला जोर येतो आणि नंतर जातो, त्या अर्थी गूळ कमी पडतोय. पुढच्या वेळी वाढवायचा. ग्लुकोजची पावडरही घालून बघेन.

बाकी तब्येत एकदम झकास. पँटी कमरेतून गळायला लागल्यात, पट्ट्याला नवं भोक पाडलं. शेजारच्या पंडित शिंप्याने विचारलं, “कामून वाळायलात मालक?” मी म्हणालो, मेहनत! भूक दुप्पट लागते आणि पाणी तर कितीही प्यालं तरी कमीच. रात्री दोनतीनदा उठावं लागतं, पण एवढं पाणी प्यायल्यावर ते होणारच. ईश्वरी म्हणते, “माठ भरून भरून माझे हात गेले. घरात म्हैस बांधल्यावानी झालंय.”

२९ सप्टेंबर

घरात मुंग्या झाल्यात. स्वयंपाकघरात नाहीत, न्हाणीत आहेत. मोरीच्या कडेने रांगच्या रांग. ईश्वरी म्हणाली, “अहो, तुमी न्हाणीत बसून बार खाता का?” मी म्हणालो, अंगाला गुळाचा हात लागतो, तो आंघोळीत धुऊन जातो, त्या वासाने येत असतील.

तिने हळद टाकली. मुंग्या हळदीला वळसा घालून आल्या.

५ ऑक्टोबर

नव्या बुटाने अंगठ्याला चावलं होतं, ती जखम महिना होत आला तरी ओलीच आहे. बूट बदलायला पाहिजे. दुकानात पितळेच्या तांब्यावर नाव कोरताना अक्षरं धूसर दिसली, चष्म्याचा नंबरही वाढला असणार. पंचेचाळिशी आहे, व्हायचंच.

गूळ दीडपट केला. आता बारला चकाकी आली. हा मी मनातल्या मनात शिवकांतच्या टेबलावर ठेवून पाहतो आणि त्याचे सगळे चकचकीत बार तिथे मातीचे दिसायला लागतात.

२५ ऑक्टोबर

शत्रू घरी येऊन गेला.

दिवाळीच्या फराळाला वैजयंती आणि शिवकांत आले. दारातच तो थबकला. नेहमी उंबऱ्याबाहेरूनच याचा पाणउताराचा कार्यक्रम सुरू होतो, आज नुसता बघत राहिला.

“साडूभाऊ, लय वाळलात की ओ.”

“तयारी चालू आहे,” मी म्हणालो.

“तयारीनं माणूस इतका वाळत न्हाई. तहान लय लागती का? राती उठावं लागतं का?”

म्हणजे याने माझ्या घरात हेर ठेवलाय. मी ईश्वरीकडे पाहिलं, तिने करंजीच्या डब्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “माझ्या तहानेची फिकीर तुमी नका करू. सोळा तारखेला झरीच्या पुढं मी दिसणार न्हाई, तवा तुमचा घसा कोरडा पडंल.”

मग तो हात धुवायला न्हाणीत गेला. बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं. माझी पाणी प्यायची दोन लिटरची बाटली, व्यायामाचा टॉवेल, सगळं आतच लटकलंय, ते पाहून धसका घेतला असणार. मला फार बरं वाटलं.

बरं वाटणं टिकू दिलं तर तो शिवकांत कसला? खिशातून एक डबी काढली. साखर तपासायचं यंत्र. “बोट द्या जरा. एक टोचणी, बस.” वैजयंतीसमोर, ईश्वरीसमोर, फराळाच्या ताटावर! माझी साखर वाढली म्हणून गावभर सांगायचं, मग पुढचा व्हिडिओ त्यावर. शिवाय दुकानदार माणूस, गिऱ्हाईक करायला निघालाय.

“हे यंत्र तुमच्या दुकानात ठेवा. माझ्या घरात बोट देत नसतात, मूठ देतात,” मी म्हणालो.

त्याने डबी खिशात टाकली. माझा बार खाल्ला नाही, वास घेऊन ठेवून दिला. जाताना दारात ईश्वरीशी हळू आवाजात बराच वेळ बोलला. ती आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी विचारलं, तर म्हणाली, “एक डाव दवाखान्यात जाऊन या की.” तिलाही फितवलं.

तो अंगठ्याला लावायला मलम ठेवून गेलाय. मी ते उघडलंही नाही.

९ नोव्हेंबर

आज मला युक्ती सुचली आणि ती इतकी सुंदर आहे की मी दुकानात एकटाच हसलो. एक बाई कढई घ्यायला आली होती, ती परत गेली.

बार मठात न्यायचे. नैवेद्य दाखवायचा. राइडच्या सकाळी प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटायचे. सासरे यंदा झेंडा दाखवायला येणार आहेत, त्यांच्यादेखत. मग शिवकांतच्या टेबलाकडे कोण फिरकेल? आणि माझ्या बारचा वास घेऊन ठेवून देणारा शिवकांत, तो काय करेल? बसवंतरावांच्या जावयाला प्रसाद नाकारता येत नाही. सगळ्या क्लबसमोर माझा बार चावून चावून खावा लागेल.

ट्रेवर ट्रे थापले. हात दुखतायत. मध्ये दोनदा बसावं लागलं.

१५ नोव्हेंबर

सगळं तयार. बार मठात नेऊन नैवेद्य दाखवून आणले. परभणीला सासरी मुक्काम. ईश्वरी सोबत आली आहे. गेल्या वर्षी आली नव्हती. म्हणते, क्लबच्या टेम्पोत बसून मागून येणार. मी म्हणालो, ये, बघ नवऱ्याला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. राग नंतर.

पहाटे सासऱ्यांच्या देवघरात पूजा केली आणि बारांचा डबा घेऊन मैदानावर गेलो. प्रसाद म्हटल्यावर प्रत्येकाने सायकल स्टँडला लावून दोन्ही हात पुढे केले. कुणी डोक्याला लावून खाल्ला, कुणी डोळे मिटून. “काय बार केलाय भाऊ!” “कुटं मिळंल?” शिवकांतच्या टेबलावर माशीसुद्धा नव्हती. असली सकाळ मी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग मी त्याच्याकडे गेलो. त्याने बार घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवायला लागला.

“प्रसाद खिशात?” मी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

सासऱ्यांनी मान वळवली. शिवकांतने वेष्टन सोडलं आणि सबंध बार खाल्ला, हाताला लागलेले तीळसुद्धा. माझ्याकडे बघत म्हणाला, “गोड हाय. लय गोड हाय, साडूभाऊ.” डोळ्यांत पाणी होतं. हरलेल्या माणसाच्या असतं तसं.

झेंडा पडला आणि मी सुटलो. झरीपर्यंत पुढे मी आणि धम्मशीला, बाकी सगळे मागे. झरीला एक बार. बोरीला न थांबता दुसरा. जिंतूरला पोचलो तर माझ्याच दुकानासमोर शेजारी टाळ्या वाजवत होते! धम्मशीला पहिली, मी दुसरा, आणि शिवकांत कुठे दिसतही नव्हता. तिथे तिसरा बार खाल्ला. पाण्याच्या दोन्ही बाटल्या संपवल्या, पुन्हा भरल्या, पुन्हा संपवल्या.

परतीला चारठाण्याकडून आलेल्या ट्रकांनी धूळ उडवली, की माझेच डोळे, कोण जाणे, रस्ता दुधातून पाहिल्यासारखा दिसायला लागला. पाय माझे राहिले नाहीत. जीभ टाळूला चिकटली. बोरी फाटा आला आणि मी उतरलो. पडलो नाही, उतरलो. लिंबाच्या बुंध्याला हात लावून उभा राहिलो. ताकद पाहिजे म्हणून चौथा बार काढला.

तेवढ्यात शिवकांत आला. पुढे गेलेली धम्मशीलाही वळून आली होती. याने तिला फोन केला असणार, दोघांचं आधी ठरलेलं. तिने माझ्या तोंडाजवळ नाक आणलं, नाडी धरली आणि शिवकांतकडे बघून मान हलवली. मी बार तोंडाकडे नेला.

शिवकांतने सायकल आडवी टाकली. माझ्यापुढे येऊन दोन्ही हात पसरले.

“प्रसाद द्या.”

“सकाळी दिला की.”

“अजून द्या. मागितला तर न्हाई म्हणता येत न्हाई. सासऱ्याच्या घरचा नेम हाय.”

मी हातातला बार त्याला दिला. तो त्याने खिशात टाकला आणि पुन्हा हात पसरले. दुसरा दिला. पुन्हा पसरले. राइडमधली पोरं येऊन थांबत होती, गोल करून बघत होती. मी रचलेला सापळा, त्याने मलाच त्यात उभं केलं. नाही म्हणू कसा? पाठीचे खिसे रिकामे झाले, हँडलची पिशवी रिकामी झाली. फाट्यावर ऊसतोडीला निघालेल्यांचा ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत बायापोरं, भांडीकुंडी, शेळ्या. माझे सगळे बार शिवकांतने नेऊन त्यांच्यात वाटले. “घ्या, प्रसाद हाय, जिंतूरचा.” पोरं खिदळत खात होती. ट्रॉलीतल्या एका म्हातारीने माझ्या दिशेने हात जोडले.

मी ओरडलो, “आता मी परभणी कशावर गाठू?”

“टेम्पोवर,” तो म्हणाला.

धम्मशीलाने पाण्यात मीठ कालवून दिलं. ईश्वरीने मला हाताला धरून टेम्पोत बसवलं. आणि मग शिवकांतने आपली सायकलही उचलून टेम्पोत टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला काही झालं नव्हतं, चांगला धडधाकट होता. का आला कळलं नाही. दमला असणार. म्हणजे राइड त्यानेही सोडली, आणि जिंतूरला मी त्याच्या आधी पोचलो होतो. म्हणजे एका अर्थी मी त्याला हरवलं.

वाटेत तो म्हणाला, “पैज लावता का? उद्या उपाशीपोटी रक्त द्या. साखर न्हाई निघाली, तर तो व्हिडिओ सगळ्यांसमोर पुसतो आणि सासऱ्याच्या अंगणात कान धरून उठाबशा काढतो. शूटिंग तुमी करा.”

मी लगेच हो म्हणालो. तो इतका मूर्ख असेल असं वाटलं नव्हतं.

यंदा बोरी फाट्यावर व्हिडिओ कुणी काढला नाही.

१७ नोव्हेंबर

रक्त दिलं. उपाशी राहणं मला काय अवघड? पूजेआधी मी रोजच उपाशी असतो.

उठाबशांचं शूटिंग आडवं करावं की उभं, हे ठरवायचंय. सनई तीच ठेवीन. ईश्वरीला सांगितलं तेव्हा ती माझी जुनी पँट घेऊन बसली होती, कमरेत आत घ्यायला. सुई तशीच हातात.

१९ नोव्हेंबर

रिपोर्ट आला.

साखर आहे. थोडीथोडकी नाही. डॉक्टर आकडा बघून आधी कागदाकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे बघत राहिले. म्हणाले, स्वतःच्या पायांनी चालत आलात का इथे? कधीपासून अंगात आहे सांगता येत नाही, वर्षभर तरी असेलच. आणखी महिनाभर गूळ खात राहिला असतात तर उचलून आणावं लागलं असतं. अंगठ्याची जखम पाहून तर त्यांनी आधी पट्टी करायला लावली.

संध्याकाळी शिवकांत दुकानात आला. परभणीहून मोटारसायकलवर, एकटा. पालथ्या पातेल्यावर बसला. मी वाट बघत होतो. आता हसेल, आता मांडीवर थाप मारेल, आता मोबाइल काढेल. त्याने समोरचा एक डबा ओढून घेतला.

“हसा की,” मी म्हणालो. “जिंकलात तुमी.”

“हसलो की गेल्या साली. पोटभर हसलो.” तो त्या डब्याचं झाकण उघडत-लावत होता. “माझा बाप असाच वाळला होता. पँट सुटायली, पाणी प्यायला, न्हाणीत लघवीला मुंग्या. आमी मनायचो, बाबाची तब्येत हलकी झाली, बेस झालं. मग पाय काढला. दिवाळीला तुमची न्हाणी बगितली आन मला बापच दिसला.”

याचा बाप कुबडीवर चालायचा हे मला माहीत होतं. का चालायचा, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

तो उठला. “व्हिडिओ पुसू का? पैज तुमी हरलात, पण पुसतो.”

मला इतका राग आला की समोरची चळत ढकलून द्यावी वाटली. तीन महिने मी त्याला आडवा पाडायचं ठरवतोय. त्याच्यासाठी ट्रे थापले, गूळ ओतला, मठात नेलं. आणि हा पातेल्यावर बसून मला दया दाखवतो! हसला असता तर मला ठाऊक होतं काय करायचं. आता एवढा राग घेऊन मी कुठे जाऊ?

“राहू द्या व्हिडिओ,” मी म्हणालो. “पुढल्या साली तुमी पडलात की त्याच्या शेजारी लावायचाय.”

तेव्हा तो हसला. सगळा बाजार ऐकेल असा.

२३ नोव्हेंबर, रविवार

गोळ्या सुरू आहेत. त्या मी शिवकांतच्या दुकानातून घेत नाही, जिंतूरातूनच घेतो. एवढं तरी करणारच. मलम मात्र त्याचंच आहे, घरात होतं म्हणून उघडलं.

गूळ शेजारी देऊन टाकला. अंगठा भरेपर्यंत सायकल बंद, पण त्यानंतर रोज चालवा असं डॉक्टरांनीच सांगितलंय. खिशात काय न्यायचं ते धम्मशीला लिहून देणार आहे, खारे शेंगदाणे आणि फुटाणे म्हणत होती. चव नसेल. चालेल. शिवकांतचा फोन आला होता, अंगठा भरला की दर रविवारी येलदरीपर्यंत सोबत येतो म्हणाला. मी म्हणालो, मागून या.

न्हाणीतल्या मुंग्या अजून आहेत, पण आज रांग नव्हती, चारदोनच इकडेतिकडे फिरत होत्या. ईश्वरी आजकाल सकाळी उठली की चुलीपाशी जात नाही, आधी न्हाणीत जाऊन मुंग्या बघते.